पेटीवर आधी कोणता राग?

हार्मोनियमवर पहिला राग आवडीने निवडू नये, बोटांच्या तयारीवरून ठरवावा. पांढरी एक षड्ज धरली, तर भूपाचे पाचही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. यमनात तीव्र मध्यमासाठी काळी तीन ही एकच काळी पट्टी वाढते. भैरवात कोमल रिषभ-धैवतामुळे काळ्या पट्ट्या दोन होतात आणि त्यांवरचे आंदोलन पेटीवर नुसते सुचवावे लागते. या क्रमाने गेल्यास अडचणी एकदम अंगावर येत नाहीत. अवघड चीज घेतल्याशिवाय हात तयार होत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मध्य लयीत अस्थाई-अंतरा न अडखळता वाजत नसेल, तर द्रुत ताना घोकून फक्त चुका पक्क्या होतात.

साथीदाराला निवड असतेच कुठे, असाही प्रश्न येतो. मैफलीत ती नसते, म्हणूनच शिकतानाची निवड काटेकोर हवी, आणि तिची सुरुवात गळ्यापासून व्हावी. जालन्याजवळच्या जळगावात १९२२ साली जन्मलेल्या पेटीवादक पं. अप्पा जळगावकरांनी धृपद-धमार गायकीची तालीम घेतली होती, पुढे पं. भीमसेन जोशींसारख्या गवयांना त्यांनी साथ केली. गळ्यातून आलेला राग बोटांना वाट दाखवतो. तेव्हा नवी बंदिश घेताना साधी कसोटी लावावी: ती आधी गाता येते का? येत नसेल, तर पेटी उघडण्याची घाई नको.