खर्रा आणि तीन बोटे

आमच्या झाडीपट्टीत पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा गडवा आणि मागोमाग खर्रा पुढे येतो. धानाच्या रोवणीत, बाजाराच्या दिवशी, मंडईच्या रात्री नाटकाचा पडदा वर जाण्याची वाट पाहताना कुठेतरी पन्नी घोटली जात असतेच. आणि खरे सांगायचे तर आपल्या महाविद्यालयाच्या वाटेवरील पानठेलाही याला अपवाद नाही. मी स्वतः दोन वर्षे त्या घोळक्यातला एक होतो. म्हणून हा लेख उपदेश न समजता कबुलीजबाब समजावा.

खर्रा म्हणजे काय? बारीक केलेली सुपारी, तंबाखू आणि ओला चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन एकजीव होईपर्यंत घोटायचे, एवढेच! तंबाखू वाईट हे आपण शाळेपासून ऐकत आलो. सुपारीकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. ती पूजेत गणपती म्हणून बसते; लग्न ठरले की सुपारी फुटते. जिला देवघरात मान, ती घातक कशी असेल, अशी आपली समजूत. वस्तुतः ही समजूतच घातक आहे.

सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. त्याने तरतरी येते, अंगात ऊब येते आणि नकळत सवय जडते. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीनही गालातूनच लवकर रक्तात भिनते. पुढे अरेकोलीनमुळे गालाच्या नाजूक अस्तराखाली तंतूंची वाढ होते आणि सुपारीतील तांब्यामुळे ते तंतू अधिकच घट्ट विणले जातात. परिणामी तिखट सोसत नाही, गाल चामड्यासारखे ताठरतात आणि तोंड उघडेनासे होते. यातूनच काहींना पुढे कर्करोग होतो.

या विकाराचे वैद्यकीय वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केले, ते केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांना तपासून. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांविषयी लिहिले. माणसांनी समुद्र ओलांडला, पण सवय गाठोड्यात बांधून नेली. तिच्या पाठोपाठ रोगही गेला. इंग्लंडमधील आशियाई वस्त्यांतही पुढे हेच दिसून आले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. म्हणजे ‘मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो’ ही आपली पळवाटही बंद झाली.

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु गुटख्याच्या पुडीवर छाप असतो, नाव असते. खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. त्याला ना नाव, ना गाव. कायद्याचा हात तिथे सहजी पोहोचत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने व शासनाच्या सहभागाने २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू झाले आणि दारूबरोबरच तंबाखू व खर्राविरुद्ध गावोगाव संघटना उभ्या राहू लागल्या. हा रोग औषधाआधी गावाच्या रीतीत आहे, हे त्यामागचे मर्म मला पटते.

गेल्या उन्हाळ्यात दाढ दुखली म्हणून दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी मला माझीच तीन बोटे उभी जोडून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरे दातांवर अडकले. ‘गेलेले बहुतेक परत येत नाही, पण इथेच थांबवणे तुझ्या हातात आहे,’ ते म्हणाले. त्या दिवसापासून खर्रा सोडला. अजूनही आईच्या हातची भाकर मी लहान तुकडे करून खातो.

मित्रहो, पन्नी क्षणभर बाजूला ठेवा आणि हीच परीक्षा देऊन पाहा. तिन्ही बोटे आत गेली तर आनंद माना, आणि पन्नी पुन्हा उचलू नका. नाही गेली, तर आजच डॉक्टरांना दाखवा.