गुडघा बदलला, मांडीचं काय?

उतारवयाची तब्येत : लेखांक ९

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, एक्स-रे उत्तम आला, टाके सुकले. तरी दोन महिन्यांनंतरही आई खुर्चीतून उठताना कुणाचा तरी हात मागते. मग घरात कुजबुज सुरू होते, 'सांधा नीट बसला नसेल का?'

बहुतेक वेळा सांधा नीटच बसलेला असतो. सर्जन हाडांची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातूचं आवरण आणि मधे पॉलिथिलीनची चकती बसवतो. तो सांधा हलवायचा कुणी? मांडीच्या जुन्याच स्नायूंनी, आणि ते तर दुखण्यामुळे वर्षानुवर्षं निम्मेच वापरलेले. त्यात ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटते. स्नायू झिजतो हे एक कारण. पण सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवर त्या स्नायूला दाबून धरतात, हे मोठं कारण. 'उचलायचा म्हणते, पण पाय उचलतच नाही,' असं पेशंट सांगते तेव्हा ती टंगळमंगळ करत नसते.

धडधाकट माणूस हा खड्डा भरून काढतो. फ्रेल्टी, म्हणजे वयासोबत शरीराची गंगाजळीच आटणं, जिला गाठते तिला ते जड जातं. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फ्रेल्टीच्या पाच खुणा मांडल्या: वर्षभरात आपोआप साडेचार किलोंच्या वर वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा असल्या तर फ्रेल, एक-दोन असल्या तर उंबरठ्यावर.

गुडघ्याच्या पेशंटच्या बाबतीत इथे एक गोम आहे. चाल आणि हालचाल या दोन खुणा नुसत्या दुखऱ्या गुडघ्यानेही उमटतात, आणि दुखणं गेलं की सुधारूही शकतात. म्हणून मला विचाराल तर घरच्यांनी हात आणि वजन बघावं. बरणीचं झाकण उघडेनासं झालंय का, बांगड्या कोपराकडे सरकतात का, गेल्या दिवाळीचा ब्लाउज सैल पडतोय का? याची उत्तरं 'हो' असली म्हणून ऑपरेशन रद्द करायची गरज नाही, पण डॉक्टरांना ते आधी सांगा. तारखेपूर्वीचे काही आठवडे हिमोग्लोबिन तपासून घ्यायला, फिजिओकडून व्यायाम शिकायला आणि जेवण सुधारायला मिळाले, तर ते सोन्यासारखे.

जेवणाचं तर आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. अशा वयात दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ६० किलोंच्या बाईला ७२ ग्रॅम. एका अंड्यातून मिळतात साधारण सहा. चहा-खारी आणि रात्री मऊभात यावर हा हिशेब जमत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या महिन्यात साबुदाण्याची एकादशी तर नकोच. त्यात प्रथिनं जवळपास नसतातच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

ऑपरेशननंतर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. खरी गडबड घरी आल्यावर होते. 'तुम्ही पडून राहा, पाणी मी आणते' हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य फार महागात पडतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. तेव्हा पाण्याचा तांब्या चार पावलांवरच्या टेबलावर ठेवावा आणि सून सोबत उभी राहावी.

गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचा मोह सगळ्यांनाच होतो. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि चालताना पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी हवीच असेल तर टाचेखाली. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मुंबई-पुण्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत हा धडा डिस्चार्जच्या आधीच गिरवून घ्यावा.

व्यायामानंतर गुडघा थोडा गरम होणं, ठणकणं अपेक्षित आहे. बर्फाने शेकावं, दुसऱ्या दिवशी बेत थोडा कमी करावा. पण पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर घरी वाट न बघता थेट इस्पितळ गाठा.

(पुढील लेखांकात : पडण्याची भीती आणि तोल सावरण्याचे व्यायाम)