वाटेचा वाफसा

डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी खास सायकल बांधायची आणि ती त्या वाटांवर चालवायची, हा खेळ जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. या पन्नास वर्षांत टायर रुंद झाले, ब्रेक सुधारले, पुढच्या चाकाला धक्के सोसणारे काटे आले. त्याचबरोबर ‘मला झेपेल अशी वाट कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर देणारी चिन्हांची एक भाषाही रुजली. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, शंकरपाळ्याच्या आकाराची काळी खूण म्हणजे अवघड. ही भाषा उपयोगाची आहे, यात वाद नाही. पण ती कशातून जन्मली, तिने काय मोजले आणि काय मोजायचे सोडले, याचा मागोवा घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते: तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ती जशीच्या तशी लावली तर फसगत होईल. इथे वाटेची अवघडता चढ-उतारापेक्षा हंगाम ठरवतो. म्हणून इथल्या सायकलस्वाराने आधी महिना पाहावा, मग वाट आणि त्यानंतर आपले कौशल्य.

या खेळाची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथल्या काही तरुणांनी एका कच्च्या डोंगरी रस्त्यावरून खाली उतरण्याची पहिली शर्यत लावली. सायकली जुन्या, जड, रुंद टायरच्या होत्या आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. उतारावर तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि नवे भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढच्या वर्षी जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास सांगाडा बनवला. १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारी सायकल बाजारात आली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. त्या पहिल्या तरुणांसाठी वाटेवर सोपे-अवघड सांगणारी खूण नव्हती आणि त्यांना तिची गरजही नव्हती. डोंगर त्यांच्या घरामागचाच होता. कोणत्या वळणावर माती सुटते, पावसानंतर कुठे घसरते, हे त्यांना ठाऊक होते. दर्जाची खूण लागते ती परक्याला, आणि हा परका वाळवंटात आला तेव्हा त्या खुणेचे महत्त्व वाढले.

ते वाळवंट म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातले मोॲब. युरेनियमच्या खाणींवर जगणारे हे गाव खाणी मंदावल्यावर ओस पडायला लागले होते. १९८३ मध्ये तिथे ‘रिम सायक्लरी’ हे सायकलचे दुकान निघाले आणि पुढच्या काही वर्षांत दूरदूरचे सायकलस्वार तिथे येऊ लागले. त्यांना ओढून आणणारी स्लिकरॉक ही वाट मुळात १९६९ मध्ये मोटरसायकलींसाठी आखलेली होती. उघड्या वालुकाश्मावर पांढऱ्या रंगाच्या तुटक रेघा मारून दाखवलेला तो सुमारे १७ किलोमीटरचा फेरा आहे. स्लिकरॉक म्हणजे निसरडा खडक. घोड्याच्या लोखंडी नालेला तो निसरडा होता. कोरडा असताना रबरी टायरला मात्र तो घट्ट धरून ठेवतो. तिथेच सरावासाठी सुमारे साडेतीन किलोमीटरचा एक छोटा फेरा आहे. ‘सराव’ या शब्दामुळे तो सोपा वाटतो, पण त्याचे चढ-उतार मोठ्या फेऱ्याइतकेच कस पाहणारे आहेत. फरक लांबीचा आहे. चूक लवकर उमगते आणि पाणी संपण्याआधी माघारी येता येते. मोॲबने शिकवलेला धडा इथे आहे: कोरड्या मुलखात वाट किती उभी आहे यापेक्षा ती परतीच्या ठिकाणापासून किती लांब नेते, हे जास्त महत्त्वाचे.

चिन्हांची भाषा मात्र वाळवंटातून आली नाही, ती बर्फातून आली. हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा शंकरपाळा या खुणा अमेरिकेतल्या स्कीइंगच्या उतारांवर १९६०च्या दशकात ठरल्या. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेने पुढे त्या सायकलच्या वाटांना लावल्या आणि त्यांना मापे जोडली. सोप्या वाटेची रुंदी ३६ इंच किंवा जास्त, सरासरी चढ ५ टक्क्यांच्या आत, वाटेतले अडथळे २ इंचांपर्यंत. मध्यम वाटेची रुंदी २४ इंच, चढ १० टक्क्यांपर्यंत, अडथळे ८ इंचांपर्यंत. अवघड वाटेची रुंदी १२ इंच, चढ १५ टक्क्यांपर्यंत, अडथळे १५ इंचांपर्यंत. ही मापे टेपने मोजता येतात, हे त्यांचे बळ. पण संघटनेने स्वतःच सांगून ठेवले आहे की हा दर्जा वाटेच्या तांत्रिक कठीणपणाचा आहे, अंगमेहनतीचा नव्हे. ऊन, पाणी आणि चिखल यांना त्या मापांत रकानाच नाही. बर्फ नसेल तर स्कीचा उतारच बंद राहतो, त्यामुळे मूळ भाषेला हंगाम सांगण्याची गरज पडली नव्हती. सायकलची वाट मात्र बाराही महिने उघडी असते.

आता ही मापे आदिलाबादला लावून पाहू. हा जिल्हा वाळवंट नव्हे. वर्षाला इथे हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पावसाळ्यात सागाची राने हिरवीगार होतात, कुंटाला आणि पोचेराचे धबधबे फेसाळतात. पण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. हिवाळ्यात काही भागांत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ४५ अंशांकडे जातो. जैनद, बेला, भीमपूर या पैनगंगेकाठच्या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात काळ्या मातीची सपाट शिवारे आहेत. तिथली एखादी गाडीवाट घ्या. बैलगाडी जाते म्हणजे रुंदी ३६ इंचांहून जास्त, चढ नावालाच, मोठा दगड नाही. मापाने ती हिरव्या वर्तुळाची ठरते. जानेवारीत ती खरोखर तशीच असते. जुलैत मात्र त्याच वाटेवर चिकण माती टायरला थरावर थर चिकटते, चाक आणि काटा यांच्यामध्ये गच्च बसते आणि काही हातांवर चाक फिरायचेच थांबते. मेमध्ये माती वाळून दगड होते. गाड्यांच्या चाकोऱ्या खोल, कठीण कडांच्या बनतात. पुढचे चाक एकदा चाकोरीत उतरले की हँडल वळत नाही आणि वळवू पाहणारा पडतो. वर सावली नसते, ओढे कोरडे असतात. वाट तीच, चढ तोच, माणूसही तोच. पण तीन महिन्यांचे तीन दर्जे होतात.

याला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही, ते शेतकऱ्याकडे आहे. पावसानंतर शेतकरी लगेच औत घालत नाही, वाफसा येण्याची वाट पाहतो. माती हातात घेऊन दाबतो. गोळा हाताला चिकटला तर थांबतो, भुसभुशीत सुटला तर कामाला लागतो. सायकलस्वारानेही वाटेचा वाफसा पाहावा. मुरमाड माळावर वाफसा लवकर येतो, काळ्या रानात उशिरा. म्हणून पाऊस उघडल्यावर नवशिक्याने आधी मुरमाची वाट धरावी आणि काळ्या मातीकडे दिवाळीनंतरच वळावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा खरा काळ. या दिवसांत सपाट मुरमावर तोल, वळण आणि दोन्ही ब्रेक मिळून वापरण्याचा सराव होतो. सुट्या खडीच्या उतारावर मागचे चाक न घसरवता हवे तिथे थांबता आले आणि त्याच चढावर पाय न टेकता वर जाता आले, की निर्मळच्या डोंगररांगेतल्या मध्यम वाटांचा विचार करावा. तिथेही एक सापळा आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पाने गळतात आणि सुपाएवढ्या पानांखाली दगड दिसेनासे होतात. ताडोबाच्या वा मेळघाटच्या रानात पायी फिरलेल्यालाही हे ठाऊक असते. चाकावर त्याची किंमत जास्त मोजावी लागते. आणि माळावरचा सराटा विसरू नये. अमेरिकेच्या वाळवंटी राज्यांतले सायकलस्वार ज्या काट्याने हैराण असतात, तो आपलाच सराटा, जुन्या जगातून तिकडे गेलेला. ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारा द्रव आणि जोडीला एक जादा ट्यूब, हे इथे सामानात असायलाच हवे.

यावर एक आक्षेप ठाम आहे. गावातली माणसे साध्या, गिअर नसलेल्या सायकलवर ओझे लादून याच वाटांनी वर्षानुवर्षे जातात. मग दर्जा कशाला? उत्तर आक्षेपातच आहे. ती माणसे रिपॅकच्या तरुणांसारखी आपल्याच वाटेवर असतात. कुठे उतरून सायकल हाती धरायची आणि कोणत्या महिन्यात दुसऱ्या वाटेने वळसा घालायचा, हे त्यांना माहीत असते. त्यांचे ज्ञान हाच त्यांचा दर्जाफलक आहे. दुसरा आक्षेप असा की महिन्यागणिक बदलणारा दर्जा लोकांना गोंधळात टाकेल, एकच खूण बरी. पण मराठी भटक्यांना हे नवे नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीची मध्यम आणि नळीची वाट कठीण, हे सगळे जाणतात. आणि पावसाळ्यात नळीत जाऊ नये, हेही त्याच दमात सांगतात. वाट आणि हंगाम एकत्र सांगण्याची सवय आपल्या बोलण्यात आधीच आहे. तिसरा आक्षेप साहसाचा: सगळे आधीच ठरवले तर थरार कुठे उरला? थरार उतारात असतो, तहानेत नव्हे. दुपारी बाराला मेच्या उन्हात पाण्याविना अडकणे हे साहस नाही, तो हिशेब चुकणे आहे.

एका मर्यादेवर मात्र चर्चा नको. कवाल अभयारण्याला २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. यवतमाळच्या टिपेश्वरातले वाघ पैनगंगा ओलांडून इकडे येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. तिथल्या वाटेला हिरवा, निळा वा काळा असा कोणताच दर्जा लागू होत नाही. ज्या वाटा उघड्या आहेत, त्यांची यादी मात्र इथल्या शाळा-महाविद्यालयांच्या सायकलप्रेमींनी जरूर करावी. प्रत्येक वाटेपुढे पाच रकाने पुरेत: लांबी, माती, शेवटचे खात्रीचे पाणी, अर्ध्यातून डांबरी रस्त्यावर निघण्याची जागा, आणि योग्य महिने. चढाचे माप सहावे येऊ दे. ही यादी पैनगंगेकाठच्या शेतकऱ्याला विचारून करावी, कारण माती दाबून पाहण्याची रीत त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. वाट निवडायची असेल तर आधी त्याला एकच प्रश्न विचारा: वाफसा आला का?