बोनस लाखाचा, हाती किती?

दिवाळी तोंडावर आली, की साखर कारखान्याच्या वसाहतीत, दूध संघाच्या आवारात आणि शहरातल्या कारखान्यांच्या फाटकाशी एकच शब्द ऐकू येऊ लागतो. तो शब्द म्हणजे बोनस. घरातले एक माणूस नोकरीला असले, तरी त्या बोनसवर डोळा मात्र सगळ्या घराचा असतो. कुणाला दागिना सोडवायचा असतो, कुणाला मुलीच्या कॉलेजची फी भरायची असते, कुणाला घरावर पत्रे टाकायचे असतात.

असेच एक शेतकरी गृहस्थ परवा माझ्याकडे आले. त्यांचा थोरला मुलगा पुण्याकडे एका कंपनीत कामाला आहे. ते म्हणाले, "गुरुजी, पोरानं फोनवर लाखाचा बोनस म्हणून सांगितलं. त्या भरवशावर मी विहिरीच्या कामाला शब्द देऊन बसलो. अन् आता तो म्हणतो, अण्णा, त्यातले चौऱ्याऐंशी हजारच धरा. मग बाकीचे गेले कुठं? हापिसातल्या कारकुनानं तर नाही ना खाल्ले?"

मी त्यांना म्हटले, "बसा अण्णा. कारकुनाने काही खाल्लेले नाही. पण हिशेब मात्र समजून घ्यायला हवा." त्यांना जे सांगितले, तेच आज, श्रोतेहो, तुमच्यापुढे मांडतो.

आधी बोनस म्हणजे काय ते पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांनी कामगारांना पगारावर काही जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. पुढे मालकांनी ती बंद केली, म्हणून १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला. मालक म्हणत, ही आमची खुशी आहे. कामगार म्हणत, हा आमचा हक्क आहे. हा वाद पुष्कळ वर्षे चालला आणि अखेर १९६५ साली बोनसचा कायदा झाला. त्यात कमीत कमी बोनस पगाराच्या ४ टक्के होता. पुढे तो ८.३३ टक्के झाला. हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण शंभराला बाराने भागून पाहा. बारा महिने काम केले, की तेराव्या महिन्याचा पगार, असा त्याचा सरळ अर्थ. जास्तीत जास्त मर्यादा २० टक्के. आता हा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. टक्केवारी मात्र तीच राहिली.

मोठ्या पगाराच्या नोकरांना जो बोनस मिळतो, तो बहुधा या कायद्याखालचा नसतो. कंपनी आपल्या करारानुसार किंवा कामाकडे पाहून तो देते. पण आयकराच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. आयकराचा कायदा बोनसला बक्षीस समजत नाही, पगारच समजतो. १९६१ चा जुना कायदा हेच सांगत होता आणि १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आलेला नवा कायदाही हेच सांगतो. म्हणून बोनसला वेगळा असा कराचा दर नाही. तो वर्षाच्या पगारात मिसळतो आणि मग सगळ्या रकमेवर मिळून कर बसतो.

आता कर बसतो कसा? आपण पाटाच्या पाण्याने वाफे भिजवतो ना, तसा. पाणी आधी पहिल्या वाफ्यात जाते. तो भरला की दारे मोडून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पाचव्या वाफ्यात पाणी गेले, म्हणून पहिल्या वाफ्याचा सारा बदलत नाही. कराचेही तसेच. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांच्या वाफ्यावर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या वाफ्यावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदाराला पगारातून ७५,००० रुपयांची वजावट आधीच मिळते. आणि जो कर निघेल, त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर बसतो.

"पगार वाढला तर वरच्या दरात जाऊ आणि सगळ्याच पगारावर जास्त कर बसेल," असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वरचा दर फक्त वरच्या वाफ्यातल्या पाण्याला लागतो. पण बोनस हा सगळ्यांत शेवटी येणारा पैसा, म्हणून तो सगळ्यांत वरच्या वाफ्यात पडतो, आणि म्हणून त्याला कात्री जास्त लागल्यासारखी दिसते.

अण्णांच्या मुलाचाच हिशेब घेऊ. त्याचा पगार महिना १,२०,००० रुपये, म्हणजे वर्षाचा १४,४०,०००. त्यातून ७५,००० वजा केले, की करपात्र रक्कम राहिली १३,६५,०००. पहिल्या १२ लाखांवरचा कर ६०,००० रुपये. उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५० रुपये. एकूण ८४,७५०, उपकर ३,३९०, मिळून ८८,१४० रुपये.

आता त्यात लाखाचा बोनस घाला. करपात्र रक्कम झाली १४,६५,०००. कर ९९,७५०, उपकर ३,९९०, मिळून १,०३,७४० रुपये. दोन्ही आकड्यांतला फरक १५,६०० रुपये. लाखातून ते गेले, की उरतात ८४,४००. अण्णांचे चौऱ्याऐंशी हजार ते हेच.

पण पगाराच्या दिवशी मुलाला याहून मोठी कात्री लागल्यासारखे वाटले. त्याचे कारण वेगळे आहे. मालकाने वर्षाच्या पगाराचा अंदाज घेऊन कर काढायचा आणि तो दर महिन्याच्या पगारातून कापून सरकारजमा करायचा, असा नियम आहे. यालाच टीडीएस म्हणतात. बोनस नव्हता तोवर दर महिन्याला ७,३४५ रुपये कापले जात होते. ऑक्टोबरात बोनस आला आणि कचेरीने वाढीव कर त्याच महिन्यात घेतला, म्हणजे कपात झाली २२,९४५ रुपये. हाच वाढीव कर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांवर पसरला असता, तर महिन्याला २,६०० रुपयेच जास्त गेले असते. वर्षाअखेर बेरीज तीच, पण सणाच्या तोंडावर हातात पैसे राहिले असते. म्हणून बोनसच्या आधीच कचेरीत विचारावे, "साहेब, वाढीव कर एकदम कापणार की हप्त्याने?"

आता एक जागा अशी आहे, जिथे सांभाळून पाऊल टाकावे लागते. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर करात पूर्ण सूट मिळते. समजा, एकाचा वर्षाचा पगार १२ लाख आहे. वजावट गेल्यावर राहिले ११,२५,०००, म्हणून कर काही नाही. त्याला ७५,००० बोनस मिळाला, तर रक्कम बरोबर १२ लाखांवर येते. तरीही कर नाही, बोनस सगळाच्या सगळा हाती. पण बोनस लाखाचा मिळाला, तर करपात्र रक्कम १२,२५,००० होते आणि ती सूट जाते. कायद्याने इथे थोडी दया दाखवली आहे. १२ लाखांवर जेवढी रक्कम जाईल, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, अशी सवलत आहे. म्हणून कर ६३,७५० ऐवजी २५,००० आणि उपकर १,०००. एकूण २६,००० गेले, हाती राहिले ७४,०००. म्हणजे पाऊण लाखवाल्याच्या हाती ७५,००० आणि लाखवाल्याच्या हाती ७४,०००! वाफ्याच्या नियमाला हा एक अपवाद. करपात्र उत्पन्न सुमारे १२ लाख ७० हजारांच्या पुढे गेले, की पुन्हा नेहमीचा हिशेब सुरू होतो. या पट्ट्यात असणाऱ्याने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मालकाकडून काही रक्कम भरली जाऊ शकते का, ते विचारावे. मालकाने भरलेल्या त्या रकमेची वजावट ठरावीक मर्यादेपर्यंत नव्या पद्धतीतही मिळते.

जुनी करपद्धतही अजून आहे. तिच्यात विमा, भविष्य निर्वाह निधी, घरकर्जाचे व्याज यांच्या वजावटी मिळतात, पण १० लाखांवर दर एकदम ३० टक्के. त्या वाफ्यात पडलेल्या लाखाच्या बोनसमधून उपकर धरून ३१,२०० रुपये जातात. कोणती पद्धत आपल्याला परवडते, हे वर्षाच्या आरंभीच पाहून कचेरीला कळवावे.

आता ज्यांचा पगार थोडा आहे, त्यांचे काय? साखर कारखान्यातल्या ज्या कामगाराला महिना २५,००० मिळतात, त्याचा वर्षाचा पगार ३ लाख. बोनस धरूनही तो पहिल्या वाफ्यातच बसतो. दुसरे काही मोठे उत्पन्न नसेल, तर त्याच्या बोनसला आयकर लागत नाही. त्याचा बोनस कमी आला, तर कारण दुसरे शोधावे. बहुधा सणापूर्वी घेतलेली उचल त्यातून वळती झालेली असते. कायद्याने मिळणाऱ्या बोनसमधून भविष्य निर्वाह निधीची कपात होत नाही, हेही लक्षात ठेवावे. आणि पगारपत्रकावर व्यवसाय कर दिसतो, तो बोनस मोठा झाला म्हणून फुगत नाही. तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊच शकत नाही. १९७५ च्या कायद्याने हा कर आपल्या राज्यात आला, तो रोजगार हमीच्या कामांना पैसा उभा राहावा म्हणून. शहरातल्या पगारदाराचा पैसा असा दुष्काळातल्या नालाबांधावर आलेला आहे.

शिक्षक बंधुभगिनींना बोनस नसला, तरी महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम कधी कधी एकदम मिळते. तिलाही हाच नियम. मात्र फरक मागच्या वर्षांचा असेल आणि एकदम आल्यामुळे कर वाढला असेल, तर कायद्यात त्यासाठी सवलत आहे. तिचा ठरावीक नमुना विवरणपत्र भरण्याआधी भरावा लागतो. पुष्कळ जण तो भरत नाहीत आणि हक्काची सवलत सोडून देतात.

शेवटची गोष्ट. कापलेला कर म्हणजे बुडालेला पैसा नव्हे. वर्ष संपल्यावर कचेरीकडून कपातीचा दाखला घ्यावा, तो पगारपत्रकांशी ताडून पाहावा आणि मुदतीत विवरणपत्र भरावे. जास्त कापला गेला असेल, तर तो बँकेच्या खात्यात परत येतो. पण न मागता तो कुणी आणून देत नाही. करपात्र पगार असून पॅन क्रमांक कचेरीला दिला नसेल, तर निदान २० टक्के कपात होते. तेव्हा तेवढी हयगय करू नये.

अण्णांनी हा सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला. कागदावरचा ८४,४०० चा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे गुरुजी, पोरगं खरं बोललं. मीच लाखाचा शब्द द्यायला नको होता." विहिरीच्या ठेकेदाराला त्यांनी त्याच संध्याकाळी चौऱ्याऐंशी हजार कबूल केले आणि उरलेल्याची मुदत मागून घेतली.

तेव्हा मंडळी, घरातल्या नोकरदाराने बोनसचा आकडा सांगितला, की लगेच दुसरा प्रश्न विचारा, "कर जाऊन किती?" आणि कुणाला शब्द द्यायचा तो त्या दुसऱ्या आकड्यावर द्या.