घोडे वाढवण्याआधी

यंत्रांच्या मागे वेड्या झालेल्या माणसांवर मालिका काढायचं संपादकांनी ठरवलं आणि मी ॲरिझोनात राहतो म्हणून लेक हवासू सिटी माझ्या वाट्याला आलं. हे वाळवंटातलं गाव. कोलोरॅडो नदीवरचं पार्कर धरण १९३८ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्याच्या काठाला ते वसलंय. वसवणारा रॉबर्ट मॅकुलक करवतींचा आणि बोटींच्या इंजिनांचा कारखानदार होता. इंजिनं तपासायला त्याला मोकळं पाणी हवं होतं. पुढे जमिनीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्याने लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि त्याचे दगड इथे आणवले. पूल १९७१ मध्ये खुला झाला. जेट स्कीच्या जागतिक स्पर्धा अनेक वर्षं याच गावात भरत आल्या आहेत.

तारकर्लीला किंवा कळंगुटला आपण लाइफ जॅकेट घालून जिच्यावर बसतो, ती वॉटर स्कूटर वेगळी. मी पाहायला गेलो होतो ती उभ्याने चालवायची. तिला सीट नसते. मागे पाय ठेवायला उथळ ट्रे, पुढे बिजागरीवर वरखाली होणारा लांब दांडा आणि त्याच्या टोकाला हँडल. थांबली की ती कलंडते. तोल राहतो तो वेग असेपर्यंतच. म्हणून इथे इंजिनाचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

इतिहास थोडक्यात असा. मोटोक्रॉसवेड्या क्लेटन जेकबसनने १९६०च्या दशकात पाण्यावरच्या मोटरसायकलचे पहिले नमुने बनवले. कावासाकीने १९७३ मध्ये त्या कल्पनेवरून ४०० सीसीची जेट स्की बाजारात आणली. मग ४४०, ५५०, ६५०, ७५० असे आकडे चढत गेले. १९९०मध्ये यामाहाची सुपरजेट आली आणि तीस वर्षं टू-स्ट्रोकच राहिली. गॅरेजांतून आजही सर्वांत जास्त खटाटोप चालतो तो तिच्याच इंजिनावर.

हा खटाटोप मराठी वाचकाला परका वाटू नये. आरएक्स १०० चं बोअर वाढवून आणणारा एक तरी मित्र आपल्या पिढीत प्रत्येकाला होता. सुपरजेटचं गणितही तसंच आहे. दोन सिलिंडर, पिस्टनचा प्रवास ६८ मिलिमीटर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७७ असेल तर ६३३ सीसी, ८१ केलं की ७०१ आणि ८४ केलं की ७५४, म्हणजे कंपनी ज्याला ७६० म्हणते ते. त्यापुढे जायचं तर लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट किंवा बाहेरच्या उत्पादकांचे आणखी मोठे सिलिंडर. थोडक्यात, पैसे असतील तर घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, विकत मिळतात.

हा ‘तर’ किती मोठा आहे, हे मला एका गॅरेजात कळलं. मालक सत्तरीच्या आसपासचे. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजकं. तिशीतला एक तरुण सुपरजेट ट्रेलरवर घालून आला होता. त्याला जवळपास ९०० सीसीचं इंजिन बसवून हवं होतं. म्हाताऱ्यांनी इंजिनाचं झाकण उघडलंच नाही. स्की आडवी करवली, मागच्या जेटपंपात टॉर्च मारला आणि इम्पेलरची पाती व त्याभोवतीचं कडं यांच्यात फीलर गेजची पट्टी सरकवली. तिथली फट अर्ध्या मिलिमीटरहून कमी असावी लागते. पट्टी सैल गेली.

“तुझे आत्ता आहेत तेच घोडे इथून गळतायत,” ते म्हणाले. “नवे आणून काय करशील?”

त्या पंपाने मला बांधून ठेवलं. या यंत्रात गिअर नाहीत. इंजिनाची एक फेरी म्हणजे इम्पेलरची एक फेरी. इम्पेलर पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढतो, मागच्या अरुंद तोंडातून फेकतो, आणि त्या धक्क्यावर सगळं पुढे जातं. पण इम्पेलर फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७०१चं मूळ इंजिन सुमारे ६,३०० फेऱ्यांना ७३ हॉर्सपॉवर देतं. तोच इम्पेलर ७,००० फेऱ्यांवर न्यायचा तर फेऱ्या वाढतात अकरा टक्के, घोडे मात्र लागतात जवळजवळ शंभर. पाणी असा सावकारी व्याजाचा हिशेब लावतं.

दुसरा मार्ग पात्यांचा कोन, म्हणजे पिच, वाढवण्याचा. इंजिनाला जोर असेल तर त्याच फेऱ्यांत इम्पेलर पाण्याचा मोठा घास घेतो. पण घास फार मोठा झाला की पात्यांच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की थंड पाणी जागच्या जागी उकळून त्याचे बुडबुडे होतात. इंजिन किंचाळतं, स्की जागची हलत नाही, आणि फुटणारे बुडबुडे धातूला खड्डे पाडतात. म्हणून गिऱ्हाईकाला म्हाताऱ्यांचा पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ असा नसतो. “चालवणार कुठे?” असं ते विचारतात. लाटेवर उड्या मारणाऱ्याला उभ्या जागी झटका हवा. त्याला कमी पिच चालतं. बोयांभोवती शर्यत खेळणाऱ्याला वळणातून निघताना ओढ हवी आणि सरळ पट्ट्यात वेगही. इंजिन तेच असलं तरी दोघांचे इम्पेलर वेगळे.

इंजिन बसवण्याचं कामही मी बराच वेळ पाहत राहिलो. इंजिन चार रबरी माउंटांवर बसतं आणि रबरी डँपर असलेल्या कपलिंगने पंपाच्या शाफ्टला जोडलं जातं. कपलिंगचे दोन भाग अगदी एका रेषेत यावे लागतात. म्हातारे त्यांच्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवत, खालून उजेड धरत, पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की माउंटखाली कागदासारखी पातळ शिम सरकवत, बोल्ट आवळत आणि पुन्हा पट्टी ठेवत. बोल्ट आवळला की इंजिन केसभर हलतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी ना घाई केली, ना वैताग दाखवला. वाढीव ताकदीवर ही रेषा जराशी चुकली तरी डँपर भाजून निघतो आणि शाफ्टची बेअरिंग जातात. “इंजिन निवडणं सोपं,” ते म्हणाले. “ते बोटीला पटवणं अवघड.”

आणि पटवायच्या गोष्टींची यादी संपत नाही. मोठ्या सिलिंडरला मोठे कार्बोरेटर लागतात. ते फ्लोट नसलेल्या डायफ्रामच्या जातीचे, कारण स्की उलटी झाली तरी इंधन पोचायला हवं. एक्झॉस्टचा पाइप नव्या इंजिनाला जुळवावा लागतो. त्यात स्क्रूने पाणी सोडून वायू थंड करतात, म्हणजे दाबाची लाट हळू चालते आणि पाइप खालच्या फेऱ्यांनाही साथ देतो. स्क्रू अर्धा फिरवला तरी स्वभाव बदलतो. वाढलेली उष्णता बाहेर काढायला थंड पाण्याची दुसरी नळी टाकतात. कॉम्प्रेशन वाढवलं की पंपावरचं साधं पेट्रोल चालत नाही, शर्यतीचं महाग इंधन आलं. सर्वांत मोठी भीती मिश्रण पातळ होण्याची. इथे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं तर वंगणही कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो. सीझ होणं म्हणतात ते हेच. हवासूत पहाट थंड आणि दुपार भाजणारी. गार हवा दाट असते, म्हणून दुपारच्या उन्हात लावलेली कार्बोरेटरची जेट सकाळी पातळ पडू शकते.

तांत्रिक अडचणींना पैसे आणि सबुरी हे उत्तर आहे. कायद्याच्या अडचणीला नाही. कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये बरंचसं इंधन न जळताच पाण्यात जातं. अमेरिकी पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये नियम केले, टाहो तलावावर अशा इंजिनांना १९९९पासून बंदी आली. सुपरजेट पुढे अमेरिकेत स्पर्धेपुरतीच विकली गेली. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. अशा तलावांचं पाणी लोक पितात. पण पर्यायाची किंमत वजनात मोजावी लागते. जुनी सुपरजेट १३९ किलोची होती. २०२१ ची फोर-स्ट्रोक सुपरजेट १,०४९ सीसी आणि सुमारे शंभर हॉर्सपॉवर देते, पण वजन १७० किलो. कावासाकीची १,४९८ सीसीची एसएक्स-आर तर २५० किलोला जाते. ती सरळ रेषेत या दोन्ही सुपरजेटना मागे टाकते, पण खोल पाण्यात पडलेल्या एकट्या माणसाला पुन्हा वर चढायला लावते तेव्हा तिचे घोडे कामाचे नसतात.

त्यामुळे हलकं आणि ताकदवान इंजिन हवं असणारा माणूस वीसतीस वर्षं जुन्या क्रँककेसांच्या शोधात असतो. काही छोटे उत्पादक नवे केस आणि सिलिंडर ओततात. त्यांच्या एका इंजिनाच्या पैशात जुनी अख्खी स्की येईल. म्हाताऱ्यांकडचं काम शिकायला कोणी थांबत नाही, ही माझी काळजी त्याहून मोठी. नव्या इंजिनांचा स्वभाव लॅपटॉपवरून बदलतो. पट्टी आणि शिमा घेऊन बसणारा हात त्यात कुठे लागणार?

तो तरुण अखेर काय घेऊन गेला? नवा इम्पेलर, पंपाचं नवं कडं, आणि ८४च्या बोअरचे जुने पण निरोगी सिलिंडर. ९०० सीसीचा विचार त्याने पुढच्या हंगामावर टाकला. म्हाताऱ्यांच्या हिशेबाने तो हंगामही पुरा झाला, म्हणजे हाच माणूस पुन्हा येऊन विचारेल, “आता वाढवू का?” आणि ते आधी पंपात टॉर्च मारतील. मला कोणी विचारलं तर मीही हाच क्रम सांगेन: आधी पंप, मग इंधन आणि उष्णता, मग वजन, आणि हे सगळं झाल्यावर सीसी.