फोर बाय फोर आणि तुंबलेले पाणी

फोर बाय फोर गाडीला पाणी अडवू शकत नाही, हा मुंबईतल्या मोटारींविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. लोअर परळमध्ये तो पावसाळाभर कृतीत उतरलेला दिसतो. सेनापती बापट मार्गावर किंवा जवळच्या दादरच्या हिंदमाता भागात पाणी भरले, की टॅक्सी, दुचाकी आणि लहान मोटारी कडेला थांबतात. मोठ्या टायरांची एखादी उंच गाडी मात्र वेग कमी न करता पाण्यात शिरते. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे खोल पाण्याची चिंता इतरांनी करायची, अशी तिच्या चालकाची खात्री असते. ती साफ चुकीची आहे आणि तिची किंमत एकट्या गाडीमालकाला मोजावी लागत नाही.

या गाड्यांचा लौकिक मात्र खोटा नाही. 1940 मध्ये अमेरिकी सैन्याला टेहळणीसाठी हलके, चारही चाकांना ताकद देणारे वाहन हवे होते. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने त्याचा पहिला नमुना दिला आणि पुढे विलीस-ओव्हरलँड व फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. जीप मूळची महिंद्राची, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. तरी मुंबईशी तिचे नाते जुने आहे. 1945 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1948 मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा हे नाव घेतलेल्या कंपनीने विलीसच्या जीपची जुळणी सुरू केली ती माझगावात, म्हणजे परळपासून थोड्याच अंतरावर.

तेव्हापासून वनखाते, पाटबंधारे, पोलिस, साखर कारखाने अशा सगळ्यांनी ही गाडी वापरली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे वडाप आणि मराठवाड्यातली काळी-पिवळी ही खासगी प्रवासी वाहतूक तिच्याच धाटणीच्या कमांडर, ट्रॅक्स, मॅक्स यांवर चालली. लोकांना त्यातली आवडलेली गोष्ट साधी होती. शिडीसारख्या पोलादी चासीवर बसवलेली बॉडी, खाली पाटे, बॉनेट उघडले की सगळे भाग हाताला लागतील असे इंजिन. तालुक्याच्या गावचा कोणताही मिस्त्री चार पान्यांत ती मार्गी लावत असे आणि मुंबईत सुटे भाग ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला हमखास मिळत. 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने सैन्यात आणि डोंगरी भागांत हाच विश्वास कमावला. 2010 मधली आणि मग 2020 मधली नाशिकला बनणारी थार, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा यांच्यामागे ही सगळी पुण्याई उभी आहे.

पण हा लौकिक मिळाला तो चिखलात, घाटात, मुरमाड चढावर आणि नांगरलेल्या रानात. तिथली अडचण एकच असते, चाक जागच्या जागी फिरते. मागची दोन चाके घसरली तर पुढची दोन गाडी ओढतात, हे फोर बाय फोरचे काम, आणि एवढेच काम. तुंबलेल्या पाण्यात चाक क्वचितच घसरते, कारण खाली डांबर किंवा काँक्रीट असते. तिथे तीन वेगळ्या अडचणी येतात. इंजिनाला हवा मिळत नाही, गाडी तरंगू लागते आणि खालचे काही दिसत नाही. या तिन्हींवर चार चाकांच्या ताकदीचा काडीचाही उपयोग नाही.

पहिली अडचण हवेची. इंजिन हवा ओढते ती बहुतेक गाड्यांत बॉनेटच्या आतल्या नळीतून. त्या नळीच्या तोंडाशी पाणी पोहोचले, की हवेऐवजी पाणी सिलिंडरमध्ये जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सुमारे 2200 सीसीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान साधारण 550 घनसेंटीमीटर असते. पिस्टन अगदी वर पोहोचला की त्याच्या डोक्यावर उरणारी जागा 35 ते 40 घनसेंटीमीटर, म्हणजे अडीच मोठे चमचे. त्याहून अधिक पाणी आत असेल तर वर येणारा पिस्टन मध्येच अडतो, फ्लायव्हील मात्र फिरतच राहू पाहते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि प्रसंगी तो ब्लॉक फोडून बाहेर येतो. पाणी सायलेन्सरमधून शिरून गाडी बंद पडते, हे यासंबंधात नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण बहुतेक वेळा लागू पडत नाही. इंजिन चालू असेतोवर आतून येणारा धूर तिथले पाणी बाहेर लोटत असतो. नुकसान होते ते पुढच्या बाजूने.

खरे नुकसान पुष्कळदा गाडी बंद पडल्यानंतर होते. पाण्यात थांबलेले इंजिन लगेच पुन्हा चालू करण्याचा मोह आवरत नाही आणि जो रॉड तोपर्यंत शाबूत होता तो स्टार्टर मारताच वाकतो. बंद पडलेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, ती ढकलून किंवा ओढून कोरड्या जागी न्यायची आणि इंजेक्टर किंवा स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामे झाल्याची खात्री करायची, हाच मार्ग आहे. ज्याला मिस्त्री ‘हायड्रो लॉक’ म्हणतात ते हे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

कंपन्या पाण्याची मर्यादा स्वतःच सांगतात, आणि तरीही ती कोणी वाचत नाही. 2020 च्या थारसाठी ती 650 मिलिमीटर आहे, म्हणजे प्रौढ माणसाच्या गुडघ्याच्या थोडे वर. हा आकडा स्थिर पाणी, सपाट तळ आणि चालण्याइतका वेग धरून दिलेला असतो. वेगात पाण्यात शिरणारी गाडी स्वतःपुढे लाट उभी करते आणि बॉनेटपाशी पाण्याची उंची रस्त्यावरच्या पातळीहून बरीच वाढते. म्हणजे गुडघाभर पाण्यात जी गाडी सावकाश गेली असती तीच जोरात गेल्यामुळे बंद पडते. वेगाने गेले की पाणी आत यायला वेळ मिळत नाही, हा समज यासाठीच घातक आहे.

दुसरी अडचण तरंगण्याची, आणि इथे जड गाडीवरचा भरवसा पूर्णपणे फसतो. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर धरले तर तळाच्या वर चढलेले दर 10 सेंटिमीटर पाणी तिला सुमारे 600 किलोने वर उचलते. पावणेदोन टनांची गाडी असेल तर तळाच्या वर 15 सेंटिमीटर पाणी येताच तिचे निम्मे वजन चाकांवरून निघून जाते. दारांच्या फटींतून पाणी आत शिरून हा परिणाम काही वेळाने कमी होतो, पण त्या काही मिनिटांतच गाडी बाजूला सरकलेली असते. चाकाची पकड चाकावरच्या वजनावर अवलंबून असते. वजनच उरले नाही तर ताकद दोन चाकांना मिळो की चारांना, चाके पाण्यात नुसती फिरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा इथे लक्षात ठेवावा असा आहे. वाहते पाणी एक फूट असले तर ते बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते आणि दोन फूट असले तर एसयूव्ही आणि ट्रकही. कोकणातल्या साकवांवरून किंवा सह्याद्रीतल्या बुडालेल्या फरशी पुलांवरून गाडी घालणाऱ्यांना याचे भान हवे. तिथे थारची 650 मिलिमीटरची मर्यादा लागूच होत नाही, कारण ती वाहत्या पाण्यासाठी नाही.

तिसरी अडचण, तळ न दिसण्याची, लोअर परळमध्ये विशेष गंभीर आहे. वरळी आणि परळ ही मूळची वेगळी बेटे. त्यांच्यामधला खाजणाचा सखल भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खाडी बांध घालून अडवल्यानंतर हळूहळू भरला गेला. तिथे आधी गिरण्या आल्या आणि नंतर त्याच जमिनींवर कार्यालयांचे टॉवर उभे राहिले, पण जमिनीची पातळी तीच राहिली. मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला, की पर्जन्यवाहिन्यांतले पाणी समुद्रात आपोआप उतरत नाही. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि रे रोडचे ब्रिटानिया ही उदंचन केंद्रे त्यासाठीच उभारली गेली, आणि हिंदमाताचे पाणी साठवायला भूमिगत टाक्याही बांधाव्या लागल्या. अशा वेळी पाणी लवकर उतरावे म्हणून मॅनहोलची झाकणे उघडली जातात. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात पाण्यात अडकलेली मोटार सोडून घराकडे चालत निघालेल्या एका नामवंत डॉक्टरांचा प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवण्याची मागणी त्यानंतर जोरात पुढे आली. काचेमागे उंचावर बसलेल्या चालकाला तर पायी चालणाऱ्याइतकाही अंदाज येत नाही. रस्त्याचा खड्डा, दुभाजकाची कड, उघडे तोंड, सगळे एकाच गढूळ पातळीखाली असते.

पाणी किती असेल याचा अंदाज निघालेल्या ठिकाणावरून बांधणेही फसवे आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला 75 मिलिमीटरही नाही. दक्षिण मुंबईतून कोरड्या रस्त्याने निघालेली माणसे उत्तरेकडे गळाभर पाण्यात सापडली. त्या रात्री बंद मोटारींत गुदमरून माणसे गेली, हे विसरण्यासारखे नाही. वीज गेली की विजेवर चालणाऱ्या काचा खाली होत नाहीत आणि बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही.

स्नॉर्केल लावले की सगळा प्रश्न सुटतो, असे समजणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. स्नॉर्केल हवेच्या नळीचे तोंड छपराच्या पातळीला नेते, म्हणजे तीनपैकी पहिल्या अडचणीवर उत्तर देते. वायरिंग, अल्टरनेटर, संगणकीय नियंत्रक त्याने कोरडे राहत नाहीत. डिफरन्शियलला हवा खेळती राहावी म्हणून ब्रीदर नावाची बारीक नळी असते. धावून तापलेले डिफरन्शियल गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचे टोक पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. आठवड्याने झाकण उघडले तर तेल दुधाळ झालेले सापडते. तोपर्यंत आतली क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाके घासू लागलेली असतात. ही नळी वर नेऊन बांधणे आणि पाण्यातून आल्यावर तेल तपासणे ही कामे दिसायला आकर्षक नाहीत, म्हणून कोणी करत नाही.

गाडी सुखरूप बाहेर पडली तरी गोष्ट संपत नाही. तिने उठवलेली लाट कडेच्या दुकानाचा उंबरा ओलांडते आणि चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिरते. ज्यांनी तासभर पाटाचे अडसर लावून, बादल्यांनी उपसून जमीन कोरडी ठेवली त्यांच्या घरात ती एका क्षणात पाणी आणते. दुचाकी आडव्या होतात, कमरेइतक्या पाण्यातून चालणाऱ्याचा तोल जातो. याला गाडीचे सामर्थ्य म्हणणे अत्यंत चुकीचे आहे. पाण्यातून जाणे अटळच असेल, रुग्ण पोहोचवायचा असेल, तर पहिल्या गिअरमध्ये, लाट उठणार नाही इतक्या संथपणे आणि पुढची गाडी पूर्ण बाहेर पडल्यावरच जावे.

उरलेल्या गैरसमजांना इतकी जागा लागत नाही.

फोर बाय फोरमुळे ब्रेक चांगले लागतात, हे खरे नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोर चटकन वेग घेते, पण थांबायला तिला तेवढेच अंतर लागते, आणि वजन व खडबडीत टायर यांमुळे कधी जास्तही.

पावसात गाडी कायम ‘4एच’वर, म्हणजे चारही चाकांच्या हाय गिअरवर, ठेवावी, हा सल्ला गाडी खराब करणारा आहे. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांत ‘4एच’ निवडले, की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ घेतात. माती, चिखल, बर्फ असेल तर चाके थोडी घसरून हा फरक सोसतात. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर तो सोसला जात नाही, स्टिअरिंग जड होते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. ‘4एल’ हा लो गिअर तर फक्त तीव्र चढ-उतार आणि अडकलेली गाडी काढण्यासाठी आहे.

थार म्हणजे फोर बाय फोरच, असेही नाही. जानेवारी 2023 पासून तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही मिळते. रस्त्यावरच्या बहुसंख्य एसयूव्ही दोनच चाकांच्या ताकदीवर चालतात.

जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता, हा जुन्या जीपच्या काळातला समज. धडकेचा जोर गाडीने चुरगळून शोषायचा असतो, तसे झाले नाही तर तो आत बसलेल्यांच्या अंगावर येतो. ग्लोबल एनकॅपच्या 2016 च्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. 2020 च्या थारला चार आणि 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. फरक पडला तो रचना, एअरबॅग आणि पट्टे यांमुळे.

पुढे लोखंडी बुलबार लावल्याने संरक्षण वाढते, असे मानणाऱ्यांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची डिसेंबर 2017 मधली सूचना वाचावी. बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे उल्लंघन ठरतात, आणि धडकेत ते पादचाऱ्यासह आत बसलेल्यांनाही धोका वाढवतात. मूळ रचनेत फरक करणाऱ्या बदलांना या कलमाने मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ती उचलून धरली. टायर मोठे केले की स्पीडोमीटर खऱ्याहून कमी वेग दाखवतो, गुरुत्वमध्य वर जातो आणि विम्याचा दावा अडू शकतो. त्यातून तळाची उंची दोन-चार सेंटिमीटर वाढते, हवेच्या नळीचे तोंडही तेवढेच वर जाते, त्याहून अधिक नाही.