प्लगमध्ये २३० व्होल्ट, मग चार्जरच्या आत ३२५ कुठून येतात?

गणपती जवळ आले की पुण्याच्या तापकीर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. दिव्यांच्या माळा, होल्डर, वायरची भेंडोळी... आणि बहुतेक खोक्यांवर छापलेला एक आकडा: २३० व्होल्ट. महावितरणचा घरगुती सिंगल फेज पुरवठाही २३० व्होल्टचाच.

पण प्लगमधलं व्होल्टेज २३० वर स्थिर नसतं. ते सतत वरखाली होतं आणि सेकंदाला १०० वेळा ३२५ व्होल्टच्या टोकाला जाऊन येतं. मग हा २३० आकडा नेमका कशाचा?

सरासरी काढली तर शून्य!

बॅटरीतली वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. घरात येते ती एसी. तिची दिशा सतत उलटसुलट होते. आपल्याकडे ५० हर्ट्झचा पुरवठा आहे, म्हणजे सेकंदाला अशी ५० आवर्तनं. अर्धा वेळ व्होल्टेज अधिक, अर्धा वेळ उणे. साधी सरासरी काढली, तर उत्तर शून्य येतं.

पण शून्य व्होल्टवर बादलीतलं पाणी तापलं नसतं. हीटरच्या रॉडला विजेच्या दिशेशी घेणंदेणं नसतं. त्यात तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर ठरते आणि उणे संख्येचा वर्गही अधिकच असतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: किती व्होल्टच्या डीसीवर हाच रॉड तेवढाच तापेल? उत्तर आहे २३०. यालाच परिणामी व्होल्टेज किंवा आरएमएस (रूट मीन स्क्वेअर) म्हणतात.

हिशेब कसा करायचा?

नावातले तीन शब्द शेवटाकडून वाचा: वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या.

समजा, अर्ध्या आवर्तनात सारख्या अंतराने सहा वेळा व्होल्टेज मोजलं: ०, १६३, २८१, ३२५, २८१, १६३.

१. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज: ३,१६,६८५
२. सहाने भागून सरासरी: सुमारे ५२,७८१
३. वर्गमूळ: सुमारे २३०

उरलेल्या अर्ध्या आवर्तनात आकडे उणे असतील, पण वर्ग तेच येतील.

एवढा खटाटोप दरवेळी करावा लागत नाही. लाट गुळगुळीत साइन आकाराची असेल, तर कमाल व्होल्टेजला १.४१४ ने (म्हणजे २ च्या वर्गमुळाने) भागा, आरएमएस मिळेल. उलट आरएमएसला १.४१४ ने गुणलं की कमाल व्होल्टेज. २३० × १.४१४ = ३२५. वनाझ ते रामवाडी धावणाऱ्या पुणे मेट्रोच्या तारेवरचे २५ हजार व्होल्टही आरएमएसच. त्यांचं टोक ३५ हजारांच्या वर जातं.

याचा आपल्याला काय उपयोग?

पहिला, जिवाचा. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरमध्ये एसीचं डीसी होताना आतला कपॅसिटर जवळपास ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. म्हणून तिथे बहुधा ४०० व्होल्टचा कपॅसिटर बसवलेला असतो. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ वीज उरू शकते. त्यामुळे बंद पडलेला चार्जर घरी उघडून बघू नका.

दुसरा, खिशाचा. साधा मल्टीमीटर सरासरी मोजतो आणि लाट साइनच आहे असं धरून ती १.११ ने गुणतो. स्वस्त इन्व्हर्टरची लाट अनेकदा चौकोनी असते. तिथे खरे २३० व्होल्ट असले, तरी हा मीटर सुमारे २५५ दाखवेल आणि चांगला इन्व्हर्टर उगाच दुरुस्तीला जाईल.

म्हणून इन्व्हर्टर तपासायला मीटर घेणार असाल, तर त्यावर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय का ते बघा. असा मीटर लाटेचा आकार गृहीत न धरता वर्ग, सरासरी आणि वर्गमूळ हा पूर्ण हिशेब करतो.